अकरा बादल्या

आमच्या कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. कारखाना काचेच्या बाटल्यांचा. पट्ट्यावरून बाटल्या सरकायच्या, मागे पांढरा दिवा असायचा, आणि आम्ही दोघी स्टुलांवर बसून बुडबुडा, चीर, वाकडं तोंड शोधायचो. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघायचे, तरी चुकायचे. ती बोलता बोलता हात घालून नेमकी खराब बाटली उचलायची.

"आलेल्या सगळ्या स्थळांतही तुला चीर दिसली वाटतं," मी चिडवायचे.

"स्थळं चांगली होती गं. धाकट्याची शाळा व्हायची होती."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. वडील लवकर गेले. तिनंच त्याला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. आई होती तोवर सगळे एका घरात सुखानं राहत होते. आई गेल्यावर धाकटा म्हणाला, घर विकू, फ्लॅट घेऊ. ही म्हणाली, मी इथून हलायची नाही. शब्दानं शब्द वाढला आणि शेवटी वाटणी झाली. मागच्या अंगणात त्यानं सात फुटी भिंत घातली. दोघांचं बोलणंही बंद झालं.

त्या अंगणात तिचे टोमॅटो होते. आम्ही दोघी एकदमच निवृत्त झालो, तेव्हापासून तिचा सगळा जीव त्यांच्यात. भिंतीनं ऊन अडवलं. रोपं उंच झाली, पण किडकिडीत. फुलं यायची आणि गळून जायची.

"भावाला सांग, दोन फूट उतरव म्हणावं," मी म्हटलं.

"त्याला डोळे आहेत."

मग तिनं रंगाच्या अकरा रिकाम्या बादल्या मिळवल्या, बुडाला भोकं पाडली आणि रोपं त्यांत लावली. सकाळी ऊन न्हाणीपाशी यायचं, दुपारी मधोमध, चारनंतर फाटकाजवळ. ती एकेक बादली उन्हामागे ओढत न्यायची, दिवसातून तीनदा. टोमॅटो मात्र असे लगडले की मला पिशवी भरून मिळायची, आणि त्यात डागाचा एक निघेल तर शपथ.

अशी दोन वर्षं गेली. एका दुपारी ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. तिनं हाक मारली नाही. रोजची खरखर मध्येच थांबली म्हणून धाकटा खुर्चीवर चढून भिंतीवरून डोकावला. भिंत घातल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा तो आत आला.

"ताई, रोज काय ओढायचीस गं? मला वाटायचं, फरशी घासतेस."

"टोमॅटो."

"ते कशाला ओढायचे?"

"ऊन सरकतं ना."

त्यानं खाटेची दांडी धरली. "एकदा सांगायचंस," तो म्हणाला. "उतरवली असती भिंत."

"तू विचारायचंस." तिच्या आवाजात राग नव्हता. मग म्हणाली, "पाणी बुडाशी घाल. पानांवर नको, करपा पडतो."

त्यानं कामावर रजा टाकली. तो आणि त्याची बायको मिळून बादल्या हलवू लागले. नवव्या दिवशी तो दोन टोमॅटो घेऊन आला. तिनं एक खिडकीच्या उजेडात धरून फिरवला.

"देठाशी चिरलाय. एकदम पाणी ओतलंस."

"विसरलो होतो, मग दोन दिवसांचं घातलं."

ती हसली. तोही हसला. मला वाटलं, सुटलं सगळं. चार दिवसांनी तिच्या छातीत कफ भरला. आठवडाही निघाला नाही, ती गेली.

महिन्याभरानं मी धाकट्याकडे गेले. भिंत पाडलेली होती. त्यानं गवंडी बोलावला नव्हता. एकटाच निघालेल्या विटा बाजूला रचत बसला होता, बोटं सोललेली. अंगणभर ऊन होतं. बादल्यांतल्या रोपांच्या काड्या झाल्या होत्या. त्या धावपळीत पाणी घालायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"आता घराचं काय करणार?" मी विचारलं.

"आता दोन्ही अर्धी माझीच," तो म्हणाला आणि विटेवरचं सिमेंट खरवडत राहिला.

त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. मी माझा संपवला. त्याचा तसाच होता.