भिंगाबरोबर चाललेला बत्तीवाला

बुधवार, २१ जानेवारी १९५९. दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटे. घाटंजीचा शेख रहमत कोकणातल्या एका दीपगृहाच्या खालच्या पायरीवर बसून, कोणी सांगितले नसताना, तिथल्या प्रमुखाच्या घरची गॅसबत्ती दुरुस्त करत होता. ती तीन आठवडे ओसरीत बंद पडून होती. रहमतने निपलच्या भोकात दोनदा पिन घातली, पंपाचे कातडे तेल लावून मऊ केले आणि मान वर न करता निदान सांगितले, "जिवंत हाये."

प्रमुख किसनराव यांनी आभार मानले आणि नियम पुन्हा ऐकवला. पाहुण्यांना चारनंतर वर जाता येत नाही. दिवा लावताना तर कोणीच नको. परतीची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची होती. रहमतला तो दिवा लागताना पाहायचा असेल, तर ही एकच संध्याकाळ हाती होती.

वय चोपन्न. घाटंजीत त्याच्या अकरा गॅसबत्त्या भाड्याने जातात: लग्नाला, भजनाला, तांड्यावरच्या पंचायतीला. पस्तीस वर्षे तो बत्ती डोक्यावर घेऊन वरातीत चालला. दोन वर्षांपूर्वी बत्तीच्या ज्योतीवर चढवायच्या सुती जाळ्या विकणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्याने त्याला सांगितले, की समुद्रकाठच्या दीपगृहातही हीच जाळी, हेच रॉकेल आणि हाच पंप असतो; फक्त सगळे मोठे. उजेड दहा कोसांवरून दिसतो आणि लुकलुकतो.

लुकलुकतो कसा, यावर बाजारात बराच खल झाला. रहमतने निकाल दिला. एक माणूस बत्ती डोक्यावर घेऊन मनोऱ्यावर गोल चालत असणार. तो पलीकडे गेला की इकडे अंधार. सगळ्यांना पटले. आर्णीकडच्या तांड्यावरचा बाबुलाल राठोड, रहमतचे जुने गिऱ्हाईक, तेवढा म्हणाला, "आन रातभर? त्याले चक्कर येत नसन का, रहमतभाई?"

याचे उत्तर घाटंजीत मिळेना. म्हणून दोघे निघाले. हुस्नाबीने नवऱ्याला बजावले, की उत्तर मिळाल्याशिवाय परत येऊ नका, नाहीतर पुन्हा जाल.

मोटार, आगगाडी, पुन्हा मोटार आणि शेवटी बोट. रहमत वाटभर बोलत होता. समुद्र दिसला तेव्हा बाबुलालने करंगळी बुडवून पाणी चाखले. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवरून मीठ वाहत. "आमचे पंजोबा इथूनच नेत," तो म्हणाला. "इतके बैल लावले, तरी काही कमी नाही केलं त्याईनं."

सहा वाजले तरी रहमत पायरीवरून हलला नव्हता. हात लावायचा नाही, फक्त पाहायचे आहे, असे त्याने चौथ्यांदा सांगितले. सगळे तसेच म्हणतात, असे किसनरावांनीही चौथ्यांदा सांगितले. दुरुस्त झालेली बत्ती ओसरीत फुरफुरत होती. शेवटी किसनरावांनी दोघांना दिव्याच्या खोलीच्या दारापर्यंत येऊ दिले. दारातून पाहायचे आणि लगेच खाली.

ब्याण्णव पायऱ्या. रहमत प्रत्येक पायरीवर बोलला. दारात मात्र थांबला, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि नाकातोंडावर घट्ट बांधला. जळलेली जाळी म्हणजे नुसती राख असते. जवळून सुटलेल्या श्वासानेही तुटते. बत्तीवाले तिच्याजवळ तोंड उघडत नाहीत. किसनरावांच्या मदतनिसाला हे शिकायला एक वर्ष लागले होते.

"तुम्ही आत थांबा," किसनराव रहमतला म्हणाले. मग भात्यासारख्या धापा टाकणाऱ्या बाबुलालकडे पाहून म्हणाले, "तुम्ही खाली."

सहा अठ्ठावीसला दिवा लागला. आधी स्पिरिटची निळी ज्योत, मग रॉकेलची वाफ, मग नारळाएवढी जाळी पांढरीशुभ्र. किसनरावांनी यंत्राचे वजन सोडले आणि पुरुषभर उंचीचे भिंग दिव्याभोवती फिरू लागले.

दिवा जागच्या जागी होता. चालला तो रहमत. उजेड पुढे सरकला की त्याबरोबर पाऊल टाकायचे, ही पस्तीस वर्षांची सवय. हात पाठीमागे बांधून तो भिंगाबरोबर एक फेरी गेला, दुसरी, तिसरी. किसनरावांनी हाक मारली. दुपट्ट्यातून हुंकार आला, पाय थांबले नाहीत. अकराव्या फेरीला तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याचे खांदे हसण्याने गदगदू लागले.

खालच्या खडकावरून बाबुलाल प्रत्येक झोताला "आली" आणि "गेली" अशी वर्दी देत होता. रहमत धरून धरून बाहेरच्या सज्जात आला. त्याने दुपट्टा सोडला.

"रहमतभाई, कोन चालून राह्यलं वर?"

"मी," रहमत ओरडला. "आन चक्कर येते बाप्पा, येते."

आत येऊन त्याने तोंड बांधायच्या आधी एकच गोष्ट विचारली. वरातीत लागलेली बत्ती विझेपर्यंत बत्तीवाला मांडव सोडत नाही. इथे विझवतात कधी, आणि त्या वेळी दारात उभे राहता येईल का?

किसनरावांनी या वेळी नियम सांगितला नाही. दारात उभे राहू नका, म्हणाले. आत या, विझवायची झडप तुम्हीच सोडा. मग भिंतीवरच्या छापील तक्त्यावर बोट ठेवले. २२ जानेवारी, गुरुवार: सूर्योदय सात वाजून बारा मिनिटे.