पाथर्डीला नेलेली बाटली

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी मी नगरच्या कॅम्पात एका मडमबाईंना मराठी शिकवत असे. त्यांचे यजमान कप्तान होते, ते ब्रह्मदेशात पडले. लग्नाच्या वर्षी त्यांनी सिरा नावाच्या काळ्या द्राक्षांच्या वाइनच्या दोन बाटल्या मुरत ठेवल्या होत्या. मुरल्या की मी सांगेन, असं बाईंना बजावून गेले होते. मागे बाईंनी एक बाटली मोटारीतून महाबळेश्वरला नेऊन उघडली, तर ती गढूळ आणि तुरट निघाली. आता महिनाअखेर त्या विलायतेला चालल्या होत्या. उरलेली बाटली तयार आहे की नाही, हे त्यांना कसं कळावं? हीही वाया गेली तर साहेबांचं काहीच उरणार नव्हतं.

मी दारूच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा माणूस. पण पाथर्डीचे कोंडीबा वैद्य द्राक्षासव करतात आणि ते मुरलेलं बरोब्बर ओळखतात, हे ऐकून होतो. माझी चौकसबुद्धी मला स्वस्थ बसू देईना. बाटली पंच्यात गुंडाळून निघालो.

मोटारीचं भाडं बारा आणे. तुम्ही जाणार असाल तर मागच्या बाकावर बसू नका. करंजीच्या घाटात माझं डोकं तीनदा टपाला लागलं. करंजीला चहा बरा मिळतो, भजी मात्र कालची. शेजारच्या म्हातारीने पंच्यात काय आहे विचारलं. मी औषध म्हणालो, तर तिने गुडघ्याला चोळायला थोडं मागितलं.

कोंडीबांनी बाटली उजेडात धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, हिला घुसळत आनलं व्हय? गाळ समदा वर आलाय.”

मी पुरता ओशाळलो. त्यांनी बाटली ज्वारीच्या कणगीत उभी पुरली. आसव तयार होत असताना बरणीच्या तोंडाशी पेटती वात धरली तर विझते, असं त्यांनी सांगितलं. पण इथे तर बूच होतं. तीन दिवस मी त्यांच्याकडे भाकरी आणि हुलग्याचं माडगं खाऊन वाट पाहिली.

चौथ्या दिवशी त्यांनी बाटली धुतलेल्या धोतरासमोर अलगद धरली. गाळ तळाला, वर नितळ, कडेला विटकरी झाक.

“झालंय. आनखी ठिवलं तर उतरंल.”

आता हिला मोटारीत घातली की पुन्हा गढूळ. महाबळेश्वरला काय घडलं असेल ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी धाडली की बाटली येणार नाही, तुम्हीच या.

मडमबाई दुसऱ्या दिवशी आल्या. कोंडीबांनी बाटली न हलवता, गाळ तेवढा मागे ठेवून सगळी वाइन चहाच्या कपांत ओतली. बाईंनी एक घोट घेतला. मग त्यांनी मराठीत विचारलं, “खरंच आजच?”

“व्हय बाई,” कोंडीबा म्हणाले. “तुमचं मालक आस्तं, तर त्यांनी बी आजच सांगितलं आस्तं.”

बाई रडल्या. मलाही रडू आवरलं नाही.

परतताना रिकामी बाटली त्यांनी मांडीवर घेतली आणि सबंध घाटभर हलू दिली नाही. विलायतेला जाताना ती माझ्याकडे देऊन गेल्या. घरी बायकोने तिच्यात रॉकेल भरायचं ठरवलं होतं. उभ्या संसारात पहिल्यांदा मी तिला नाही म्हणालो.