बेडोकच्या काठावर, पुण्याचा फोन येण्याआधी

मुलगा माझ्याशी सलग बोलेल अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे बेडोक रिझर्वॉयरचा काठ. तिथे तो गळ टाकून उभा असतो, कानात काही खुपसलेलं नसतं, आणि लावून घ्यायला दार नसतं. एरवी त्याच्याबरोबर त्याचा बाबा जायचा. त्या रविवारी नवरा पुण्यात होता, सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. म्हणून मी गेले, आणि काम घेऊन गेले.

आम्ही तिघंही सिंगापूरचे पीआर, म्हणजे नागरिक नव्हे पण कायमचे रहिवासी. मुलगा लहान असताना ओळखीतल्या सगळ्यांनी केला तसा आम्हीही अर्ज केला, सहकुटुंब. शाळेची फी कमी, पासच्या नूतनीकरणाचा घोर नाही. मुलगा मोठा झाल्यावर त्याला दोन वर्षं सैन्यात जावं लागेल, हे तेव्हाही माहीत होतं. पण तोवर आपण परत गेलेले असू, असं प्रत्येकच घरात ठरलेलं होतं. गणपतीच्या जेवणाला दर वर्षी हेच बोलणं, दहावीच्या आत परत. एखाददुसरं घर सोडलं तर कुणी गेलं नाही.

आता त्याच्या सैन्यातल्या नोंदणीची वेळ आली होती. सुटका एकच, त्याआधी त्याचा पीआर सोडायचा आणि देशही. तसं केलं की पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला येणं जवळजवळ बंद. नवऱ्याला पुण्यात नोकरी मिळाली होती, सासूबाई एकट्या होत्या, त्याच्या मते तिघांनी निघायचं होतं. मुलगा म्हणाला, मी येणार नाही. दोघांचं भांडण झालं आणि त्यानंतर अबोला. सोमवारी मी चांगी बिझनेस पार्कातल्या माझ्या ऑफिसात राजीनामा देणार होते, मॅनेजरची वेळही मागून ठेवली होती. त्याआधी, पुण्यात उजाडलं की नवऱ्याचा फोन येणार आणि मी त्याला मुलाचा होकार कळवणार, असं ठरलं होतं.

इथे मासेमारीला हंगाम असा नसतो, पण मुलाच्या मते असतो. डिसेंबर-जानेवारीचा पाऊस ओसरून पाणी नितळलं की पीकॉक बास काठाशी येतात. फेब्रुवारीतले हे पहिले रविवार चुकवायचे नाहीत. मीही तयारीनिशी गेले होते. पाणी, टोप्या, डासांचं मलम, सँडविच, आणि एका डबीत हिंग घालून मळलेली कणीक. माझे वडील कऱ्हाडला कृष्णेवर गळ टाकायचे तेव्हा हेच आमिष लावायचे.

डबी उघडल्याबरोबर मुलाने नाक धरलं.

“आई, हे काय?”

“आमिष. हिंगाच्या वासाने मासे येतात.”

“वॉर्डन पण येईल. इथे खायचं काही टाकायला अलाउड नाही, फक्त प्लॅस्टिकचे मासे. आणि बासला हलणारं लागतं. ही इज अ हंटर, ला. पोळी नाही खात तो.” ‘ला’ हे इथलं शेपूट, ते त्याच्या इंग्रजीला चिकटलेलं.

“पोळी नाहीये, कणीक आहे.”

“झाक ना. लोक बघतायत.”

मी झाकली. गळ टाकायला मोकळीक असलेली जागा दोन पाट्यांच्या मधे होती, जेमतेम आमच्या हॉलएवढी. मागे धावणाऱ्यांची वाट, समोर पाणी, आणि मधे आम्ही दोघं. त्याचा रॉड मागे यायचा तेव्हा मला अंग चोरून उभं राहावं लागायचं. बसावं तर गवत ओलं. सूर्य समोरच्या ब्लॉक्सच्या वर आला आणि सावलीची एकमेव पट्टी पाटीच्या पलीकडे गेली.

“बोल ना,” पाण्याकडे बघतच तो म्हणाला. “तू पॉइंट्स काढून आणले असशील. चार तरी.”

“पाच.”

“ओके. पहिला आजी.”

“आजीच,” मी म्हणाले. “तिला आता आधाराशिवाय चालता येत नाही. तुझी वाट बघते.”

“मी भेटायला जाईन. सुट्टी देतात, आई. आर्मी आहे, जेल नाही.”

“पुण्यात चांगली कॉलेजं आहेत.”

“असतील. पण तिथे सगळे मला विचारतात, कधी आलास, कधी जाणार. रिक्षावालासुद्धा विचारतो.”

“इथे कुणी विचारत नाही वाटतं?”

त्याने रिळावर तंगूस गुंडाळायचं थांबवलं. “मागच्या वर्षी आमच्या क्लासमधला एक गेला. सेम केस. फॅमिली परत गेली. तो गेल्यावर सगळे काय बोलले माहितीये? ह्या लोकांना सगळं पाहिजे, आणि द्यायची वेळ आली की पळतात. माझ्यासमोरच बोलले.”

“मग तू काय म्हणालास?”

“हसलो. सगळे हसत होते, मी पण हसलो.”

माझे तीन मुद्दे शिल्लक होते, पण एकही काढावासा वाटला नाही. तेवढ्यात रॉड वाकला. त्याने मासा सावकाश काठाशी आणला. हिरवट सोनेरी अंग, शेपटीवर डोळ्यासारखा काळा ठिपका. मी फोटोसाठी फोन वर केला, घरच्या ग्रुपवर टाकला तर बाप-लेकांत बोलणं तरी सुरू झालं असतं.

“फोटो नको, नको,” म्हणत त्याने घाईने गळ सोडवला आणि मासा पाण्यात ठेवला. “ते बघ, खाली.”

पाण्यात तळहाताएवढा काळसर ढग हलत होता.

“पिल्लं आहेत. हा नसला ना, की दुसरे मासे येऊन सगळी खाऊन टाकतात.”

“मग पकडलास कशाला?”

“आधी दिसली नाहीत.”

मासा क्षणभर तिथेच थांबला आणि ढगाखाली गेला. मला माशांकडून काही शिकायचं नव्हतं. मला एक होकार हवा होता आणि तो मिळत नव्हता.

“भीती नाही वाटत तुला?” मी विचारलं.

“वाटते ना. मला काय पहाटे उठून चिखलात लोळायची हौस आहे? पण पुण्याला गेलो तर मग मी पळालेलाच राहणार. तू आणि बाबा जा. मी हॉस्टेलमध्ये राहीन.”

माझ्या ऑफिसातल्या बायकांची मुलं सैन्यातून शनिवार-रविवारी घरी येतात, मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन, आणि जेवून झोपतात. त्यासाठी घर लागतं. घरात माणूस लागतं. सासूबाईंजवळ त्यांचा मुलगा हवा, तर इथे राहायला उरलं कोण, ह्याचा हिशोब करायला मला फार वेळ लागला नाही.

फोन वाजला.

“झालं का बोलणं?” नवरा म्हणाला.

“झालं.”

“मग?”

मुलगा पाण्याकडे बघत होता, पण रीळ थांबलं होतं.

“तो राहतोय,” मी म्हणाले.

“अगं, तू नीट सांगितलंस का? आईचं सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग तू तिथे ऐकून घ्यायला गेली होतीस की समजवायला?”

“समजवायला. ऐकूनच घेतलं. आणि मी उद्या राजीनामा देत नाहीये.”

फोनमध्ये मागून सासूबाई चहा विचारत होत्या.

“म्हणजे मी इथे आईला घेऊन एकटा,” तो म्हणाला.

“आणि मी इथे ह्याला घेऊन.”

“किती दिवस?”

“त्याची दोन वर्षं संपेपर्यंत. ती अजून सुरूही झालेली नाहीत.”

“संध्याकाळी बोलू,” म्हणून त्याने फोन ठेवला. संध्याकाळी आम्ही बोललो, पण आईंच्या व्यायामाबद्दल.

“बाबा चिडला?” मुलाने विचारलं.

“हो.”

“मी तुला राहा नाही म्हटलं.”

“म्हटलं असतंस तर नाही म्हणता आलं असतं.”

थोड्या वेळाने त्याने मला एक सँडविच दिलं, मीच केलेलं.

सोमवारी ऑफिसात मॅनेजरने मला आत बोलावलं. तुला काहीतरी महत्त्वाचं बोलायचं होतं ना, म्हणाला. गेले दोन महिने ह्या माणसाचं तोंड आता फार दिवस बघायचं नाही, ह्या आनंदावर मी काढले होते. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, हो, टीमचं पुढच्या वर्षाचं काम आत्ताच वाटून घेऊ या.