सर्वांत मागे राहिलेली सायकल

भोरमध्ये त्या काळी सायकल नटवायची रीत होती. हँडलला रंगीत झिरमिळ्या, आऱ्यांत प्लॅस्टिकचे मणी, मडगार्डवर मालकाचं नाव, आणि सायकल सासऱ्यानं दिलेली असली तर शेजारी मोराचं चित्र. नवी सायकल घरात आली की माणूस वर्षभर तिच्यावर काही ना काही चढवत राही. आनंद रणपिसे मात्र असा निघाला, की तो हौसेनं सायकलवरून एकेक वस्तू उतरवत गेला.

आनंद भाटघर धरणाच्या कचेरीत ट्रेसर होता. साहेबांनी काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर हुबेहूब गिरवायचा, स्वतःची एक रेघ त्यात घालायची नाही, हे त्याचं काम. वडील गेनू रणपिसे मूळचे वेल्ह्याकडचे. छप्पन साली धम्म घेतल्यावर पोराला शिकवायचं असा त्यांनी हट्टच धरला आणि त्याला पुण्याला ठेवलं. पुण्यात आनंद ड्रॉइंगची परीक्षा पास झाला आणि एक खोड लावून घेऊन आला. रद्दीच्या दुकानात त्याला एक जुनं विलायती मासिक सापडलं होतं. त्यात एका सायकलचं चित्र होतं. तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही. खाली लिहिलं होतं की हिला फ्रीव्हीलही नाही. म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरत राहणार, उतारावरसुद्धा पायांना विसावा नाही, आणि पाय आवरले तरच सायकल आवरणार. वाऱ्याशी स्पर्धा करणारं यंत्र, असं त्या मासिकाचं म्हणणं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या रेघा गिरवणाऱ्या आनंदला ते वाचून रात्रभर झोप लागली नाही.

पुढे सहासष्ट साली धरणाच्या जुन्या बंगल्यातलं मोडकं सामान लिलावात निघालं. त्यात कुण्या गोऱ्या इंजिनिअरनं मागे टाकलेल्या सायकलचा सांगाडा होता, चाकं नाहीत, हँडल नाही, नुसते मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि चेनकव्हर लोंबकळत राहिलेले. लोकांनी खुर्च्या घेतल्या, घंगाळं घेतली. आनंदनं सांगाडा घेतला.

तो घासून-पुसून, गंज खरवडून, तिथून पुढं चार वर्षं त्याची सायकल होत राहिली. हँडल पुण्याच्या जुन्या बाजारातून आलं. रिमा आल्या, त्यांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात एक दिवाळी गेली. बाजीराव म्हणून एक सायकलवाला होता, एसटी स्टँडसमोर तासावर सायकली भाड्यानं द्यायचा. आनंद सुट्टीच्या दिवशी त्याच्या दुकानात पाना घेऊन बसे. बाजीराव भला माणूस. फ्रीव्हील वेल्डिंग करून कायमचं जाम करायचं आहे, हे ऐकल्यावर त्यानं चहा मागवला.

"आनंदराव, घरी समदं ठीक हाय न्हवं?"

"ठीक आहे की. का?"

"न्हाई, इचारलं आपलं. लोक जाम झालेलं सोडवाया येत्यात माझ्याकडं. जाम करून द्या म्हनणारं गिऱ्हाईक पयलंच."

शेवटी ते काम कापूरहोळच्या एका गॅरेजात झालं. तिथल्या वेल्डरनं आधी दोनदा खात्री करून घेतली, आणि मग नंतर तक्रार घेऊन यायचं नाही या बोलीवर काम केलं.

गावाला मात्र यातली हौस दिसलीच नाही. रणपिशांच्या सायकलचं आज मडगार्ड गेलं, काल स्टँड गेला, परवा चेनकव्हर गेलं, एवढंच लोकांना दिसलं. बिचारा एकेक भाग विकून दिवस काढतोय, असा बोभाटा झाला. कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं घरी जुना पडलेला कॅरिअर कागदात गुंडाळून आणून दिला आणि म्हणाला, "संकोच करू नका." आनंदनं आभार मानून तो माळ्यावर टाकला.

ही बातमी वेल्ह्याला सासूबाईंच्या कानावर जायला वेळ लागला नाही. अक्काबाई एसटीनं भोरला आल्या. दारातली सायकल त्यांनी पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि लेकीला, म्हणजे सुलूला, स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"सुले, खरं सांग. ह्याचं तुझ्याशी बरं हाय का?"

"बरं हाय की. काय झालं?"

"मग बायकूची बसायची जागा कापून टाकली ती?"

सुलू खूप हसली. पण आईचं बोलणं तिच्या मनात राहिलंच. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, "अहो, कॅरिअर काढा, घंटी काढा, मी काही बोलले नाही. पण पुढचा ब्रेक काढायचा नाही. तेवढा माझा."

मासिकातल्या सायकलला ब्रेक नव्हता. आनंदला फार वाईट वाटलं. पण ब्रेक राहिला.

सत्तर साली सायकल एकदाची पुरी झाली. उंच, हडकुळी, काळी कुळकुळीत. आनंदनं जुन्या चपलांच्या चामड्याचे पट्टे करून पायडलला लावले, म्हणजे पाय निसटू नयेत. त्या पट्ट्यांतून पाय काढणं हे एक दिव्यच होतं. म्हणून रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, किंवा कुणी ओळखीचं बोलत उभं राहिलं, की तो पाय टेकायचाच नाही. जाम केलेल्या चाकाची हीच गंमत, की पायडल जरा पुढं, जरा मागं करत सायकल जागच्या जागी उभी धरता येते. तो तसाच उभ्याउभ्या बोलायचा. लोकांना ते पाहून चक्कर यायची.

त्याच्या मनात एकच होतं. भोरहून कापूरहोळला सकाळच्या एसटीच्या आधी पोचायचं. एका रविवारी त्यानं ते केलंही. छाती फुटेस्तोवर पायडल मारत तो फाट्यावर आला. एसटीचा अजून पत्ता नव्हता. ती आली तेव्हा तो धाब्याच्या बाकावर घाम पुसत बसला होता. भोरचे चार-पाच ओळखीचे उतरले.

"अरे, रणपिसे! तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच. तुमच्यामागनं निघालो, सायकलवर."

"असं होय," ते म्हणाले, आणि धाब्यामागे उभ्या असलेल्या टेम्पोकडे बघत, "टेम्पोवाला ओळखीचा दिसतोय," असं म्हणून पुढे गेले.

पण वेल्ह्यात अक्काबाईंनी जावयाची बाजू आता स्वतःच्या अंगावर घेतली होती. आपला जावई भंगारवाला नाही, शर्यतीचा गडी आहे, असं त्या सगळ्या आळीला सांगून बसल्या. आळीत नाना होते, गावच्या मंडळाचे अध्यक्ष. एकाहत्तरच्या सव्वीस जानेवारीला तहसील कचेरीसमोरच्या मैदानावर खेळ ठेवायचे ठरले होते. नानांनी निरोप पाठवला, सायकल शर्यतीत तुमचं नाव घातलं आहे.

आनंदला आभाळ ठेंगणं झालं. ती सबंध थंडी तो पहाटे उठून धरणाच्या रस्त्यावर सायकल दामटत होता. सुलू त्याला उकडलेली अंडी आणि नाचणीची भाकरी देत होती. झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी तो सायकलवरूनच वेल्ह्याला निघाला. चेलाडी, नसरापूर, मार्गासनी मागे टाकत, तोरणा समोर ठेवून सुसाट गेला. सुलू एसटीनं आली.

सकाळी झेंडा झाला. खेळ सुरू झाले. मैदानावर फक्कीनं पट्टे आखलेले होते, आणि ते पट्टे मैदानाच्या पलीकडच्या कडेलाच संपत होते. आनंदला वाटलं, इथून सुरुवात असेल, पुढे रस्ता धरायचा असेल. तेवढ्यात नानांनी कर्ण्यावरून पुकारलं, "आता हळू सायकल चालवण्याची शर्यत. जो सर्वांत शेवटी येईल तो पहिला!"

आनंदची कानशिलं तापली. तो नानांकडे धावत गेला. "नाना, हे काय? माझी सायकल जोरात पळण्यासाठी आहे."

"आवो, जोरात कुटं पळणार तुमी हितं? पुढं कचेरीची भिंत हाय. आन् आता नाव पुकारलंय."

त्यानं वळून पाहिलं. अक्काबाई आख्खी आळी घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. माघार घेणं शक्यच नव्हतं. त्यानं पायडलच्या पट्ट्यांत पाय अडकवले.

शिटी झाली. बाकीचे गडी झोकांड्या खात निघाले. कुणी एकमेकांवर आदळलं, कुणी पाय टेकून बाद झालं, राहिले ते कसेबसे पलीकडे पोचले. आनंद सुरुवातीच्या रेघेपासून हातभर पुढे येऊन थांबला होता. थांबला म्हणजे थांबलाच. पायडल जरा पुढं, जरा मागं.

"माघारी आली! माघारी आली!" हरलेल्यांनी ओरडा केला. पंच म्हणून बसवलेल्या तलाठ्यांनी डोकं खाजवलं. पाय टेकायचा नाही आणि आखलेला पट्टा सोडायचा नाही, एवढंच ठरलं होतं. जागेवर उभं राहायचं नाही असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिल्यांदा लोकांनी टाळ्या पिटल्या. मग टाळ्या दमल्या. मग पोरं विटीदांडू घेऊन मैदानात उतरली. शेवटी कर्ण्यावरून नानांचा अजिजीचा आवाज आला, "रणपिसे, तुमीच जिकला, आमी लिवून घेतलंय. आता पुढं या. पावण्यांना जेवाया जायाचंय."

पाहुण्यांनी त्याला स्टीलचा डबा दिला आणि भाषणही केलं. आजच्या धावपळीच्या युगात संयम किती मोलाचा, हे या तरुणानं दाखवून दिलं, वगैरे. अक्काबाईंनी पदरानं डोळे पुसले. आनंद मान खाली घालून उभा होता. लोकांना तो विनय वाटला.

मग काय, जिथं खेळ तिथं रणपिसे. जत्रा असो, जयंती असो, त्याला बोलावणं येऊ लागलं. नाही म्हणायची सोय नव्हती. कुणी सासूबाईंकडून, तर कुणी साहेबांकडून वशिला लावी. घरात स्टीलची भांडी साठली. तो गावोगाव वाऱ्यासारखा जाई, कारण वेळेवर पोचायचं असे, आणि तिथं पोचून जागच्या जागी उभा राही. एकदा त्यानं चढावर एसटीला मागे टाकलं, तर खिडकीतून एकजण कळवळून ओरडला, "रणपिसे, सावकाश! सवय मोडंल!"

हे सगळं तो सुलूला वैतागून सांगे. एक दिवस हे सोडून द्यायचं, असंही म्हणे.

बहात्तरच्या माघात हिर्डोशीचं बोलावणं आलं. वरंधा घाटाकडचं गाव, भात निघालेल्या खाचरात शर्यत, ढेकळांची जमीन. आनंद उभा राहिला तशी ती हडकुळी सायकल ढेकळावरून घसरली आणि त्याचा पाय टेकला. चिमाजी नावाचा तिथला जाडजूड पोस्टमन आपल्या अवजड सायकलवर डुलत डुलत मागून आला आणि पहिला ठरला.

आनंद अंधार पडता पडता घरी आला आणि ताटावर बसला. भाकरी दोनदा मोडून तशीच ठेवली.

"काय झालं?" सुलूनं विचारलं.

"हरलो."

"बरं झालं की. सुटलात एकदाचे. तुम्हाला नको होतंच ना ते?"

आनंदनं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "ढेकळं होती म्हणून. सपाटीवर तो माझ्या मागं राहूच शकला नसता."

दुसऱ्या दिवशी सुलू उठली तेव्हा अंथरूण रिकामं होतं. तिनं परसदार उघडलं. आनंदनं रात्रीतून परसातली माती कुदळीनं खणून ढेकळं करून ठेवली होती, आणि त्यांच्या मधोमध तो सायकलवर दात-ओठ खात, स्तब्ध उभा होता.