हिरवी खूण मारली कोणी?

आमच्या समोरच्या दारात ताई राहतात. पाठ वळली की अख्खी इमारत त्यांना तराजू म्हणते, आणि ते नाव मीच ठेवलंय हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. वजनमाप खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होत्या. निवृत्त झाला तो फक्त पगार, बाई नाही. दुधाचं माप, जिन्यावरचं घड्याळ, माझ्या गप्पा, सगळं तपासून घेतात. ‘लग्नाला पाचशे माणसं होती’ असं मी म्हटलं की लगेच, “मोजलीस?”

ताईंची कामाची एक रीत होती, ती सांगायलाच हवी. लोखंडी वजनाला खालून एक खळगा असतो. त्यात शिसं भरतात आणि त्यावर निरीक्षकाचा शिक्का बसतो. लबाड दुकानदार वरून वजन पुसून चकचकीत ठेवतो आणि खालून शिसं कोरतो. म्हणून ताई वरची बाजू बघतच नसत. हातात घेतलं की आधी उलटं.

त्यांचा धाकटा भाऊ बस चालवायचा. बायको गेल्यावर ताईंकडे राहायला आला, तो राहिलाच. तोही यंदा निवृत्त झाला, फंड हातात आला, आणि त्याला स्वतःच्या एका खोलीची स्वप्नं पडू लागली. “कशी खोली हवी?” मी विचारलं. म्हणाला, “जिथे साखर दोन चमचे घेतली की अडीच, हे कोणी विचारणार नाही अशी.” पण खोलीच्या भावात आणि फंडात बरीच दरी होती.

ती दरी बुजवायला आला खालचा औषधवाला. खोकल्याच्या बाटलीबरोबर फुकट सल्ला देतो. त्याने भावाला एक क्रिप्टो कॉइन दाखवलं. माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकांना भाडं मिळवून देणारं म्हणे. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाला दुसरं काय सांगावं लागतं? “रिकामी गाडी परत आणण्यासारखं दुःख नाही,” भाऊ मला डोळे मोठे करून सांगत होता. फंड सगळाच्या सगळा घालायचं ठरलं. महिनाअखेरपर्यंत स्वस्त, मग भाव वाढणार.

ताईंनी एकच विचारलं, “तपासलंस?”

“तपासलं की!” भावाने मोबाइल पुढे केला. क्रिप्टोवाल्यांची माहिती विकणारी एक सेवा आहे. कॉइनच्या प्रोजेक्टचं नाव टाकलं की कोणी काढलं, कधी काढलं, कोणी किती पैसे लावले, सगळं येतं. त्या पानावर नऊ बड्या गुंतवणूकदारांची नावं आणि माथ्यावर टपोरी हिरवी खूण. “नऊ जण, ताई! ते काय खुळे आहेत?”

“ही झाली वरची बाजू,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून त्या सेवेची महिन्याची वर्गणी भरली. भाजी निवडताना मी शेजारी बसले होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. प्रोजेक्टचं पान त्यांनी बाजूला ठेवलं आणि एकेका गुंतवणूकदाराचं पान उघडलं. कोणी कुठे पैसे लावले ते तिथे येतं. याने त्याचं नाव घेतलंय, मग तो याचं घेतो का? सात जणांच्या पानांवर त्या कॉइनचा पत्ताच नव्हता. आठवी कंपनी कॉइन जन्माला यायच्या दीड वर्ष आधी बंद पडलेली. नवव्याचं पान होतं, कॉइनचं नावही होतं. फक्त त्याने जन्मात तेवढ्या एकाच ठिकाणी पैसे लावले होते आणि ते पान प्रोजेक्टच्याच दिवशी तयार झालं होतं.

“शिसं कोरलंय,” ताई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळी पानं छापून आणली, तारीख घातली, आणि चक्क पंचनामा केला. पंच दोन. मी आणि इस्त्रीवाला. आम्ही खी खी हसत सह्या ठोकल्या. “ताई, कॉइनला बेड्या घालणार का?” मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं वजन दोन किलोने उतरलं.

इथवर सगळं ठीक. पुढे ताईंनी जी चूक केली, ती फक्त खात्यात मुरलेलं माणूसच करू शकतं. खात्याचा नियम होता: आधी लेखी नोटीस, सात दिवसांची मुदत, मग कारवाई. ताईंनी त्या सेवेला नोटीस पाठवली. कुठल्या नावात काय खोट आहे, कसं शोधलं, मुद्देसूद, नऊ कलमांत. आणि भावाला सांगितलं, “सात दिवस थांब. खोटं असेल तर ती खूण काढतील.”

सेवेचं उत्तर आलं: आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभार.

आठव्या दिवशी भाऊ स्वयंपाकघरात मोबाइल नाचवत आला. “घे! कर आता उलटं!”

सातही खोटी नावं गेली होती. त्यांच्या जागी सात नवी. बंद पडलेल्या कंपनीच्या जागी एक चालू. आणि प्रत्येकाच्या पानावर कॉइनचं नाव अगदी ठळक. नवव्यालासुद्धा मधल्या काळात आणखी चार गुंतवणुकी फुटल्या होत्या. इकडून बघा, तिकडून बघा, सगळं जुळत होतं. हिरवी खूण जागच्या जागी.

ताईंचा चेहरा तेव्हा पाहायला नको होता. हातातली पळी त्यांनी ओट्यावर अशी आपटली की माझ्या कपातला चहा उडाला. “सेवेने नोटीस सरळ कॉइनवाल्यांना दिली, म्हणजे चोराला मीच लिहून दिलं! कुठलं कुलूप कच्चं आहे ते नऊ कलमांत लिहून दिलं, वर सही केली!”

“म्हणजे तू चुकलीस हे कबूल,” भाऊ म्हणाला. “तुला मी इथून जायलाच नकोय, ताई. खरं दुखणं ते आहे.”

एरवी या वाक्यावर मी महिनाभर इमारतीत फिरले असते. त्या दिवशी मात्र मी सांडलेला चहा पुसत बसले. ताई आत गेल्या, पंचनामा घेऊन आल्या, आणि जुना कागद भावाच्या मोबाइलशेजारी ठेवला.

“वाच. पैसे कधी लावले?”

“गेल्या वर्षी, बारा मार्च.”

“आणि आता पानावर?”

“बारा मार्च.”

“किती?”

त्याने आकडा वाचला. दोन्हीकडे तोच, शेवटच्या शून्यापर्यंत.

“तारीख तीच, रक्कम तीच, आणि देणारे दुसरेच?” ताईंचा आवाज आता चढला होता. “लग्न त्याच मुहूर्तावर, नवरी तीच, आणि आठ दिवसांत नवरा बदलला? अरे, मांडवात कोणी विचारलं नाही?”

भाऊ हसला. हसता हसता थांबला. मग त्याने कागद आणि मोबाइल दोन्ही स्वतःकडे ओढले आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत बसला.

ताई थांबल्या नाहीत. पायांत चपला सरकवून थेट औषधवाल्याच्या दुकानात. मागोमाग मी, कारण अशा वेळी घरी बसणं हा माझ्या स्वभावाचा अपमान आहे. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. ताईंनी विचारलं, “ही हिरवी खूण कोणी मारली?”

“ताई, सेवेने मारलीय. खात्री केलेली आहे.”

“सेवेने म्हणजे कोणी? नाव सांग. मी शिक्का मारायचे तेव्हा त्यात माझा नंबर असायचा. वजन खोटं निघालं तर माझ्या दारात माणूस येऊन उभा राहायचा. याच्या दारात कोणी जायचं?”

“आता मला काय माहीत…”

“मला माहीत आहे. नोटिशीनंतर मी पुन्हा विचारलं त्यांना.” आणि त्यांनी तिथेच सेवेचं दुसरं उत्तर वाचून दाखवलं: हिरव्या खुणेचा अर्थ, प्रोजेक्टने दिलेला ई-मेल पत्ता चालू आहे. “ई-मेल चालू आहे! दुकानाला दार आहे एवढं बघितलं, आणि शिक्का मारला वजनावर! आणि ते दाखवून तू माझ्या भावाची चौतीस वर्षं मागतोस? त्याने चौतीस वर्षं लोकांना जिवंत घरी पोचवलंय!”

“मी पण घातलेत,” औषधवाला हळूच म्हणाला.

“किती?”

तो गोळ्यांची पाकिटं मोजायला लागला. गिऱ्हाईकांतली एक बाई म्हणाली, “मीही घातलेत. यांनीच सांगितलं.”

भावाने पैसे घातले नाहीत. तसं बोलूनही दाखवलं नाही. चार दिवस ताईंशी अबोला धरून बसला. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला, “म्हणजे आता मी इथेच सडायचं.”

“जा की! भाड्याने घे, डोंगरावर घे, मी काय दाराला आडवी पडलेय?” ताई कडाडल्या. “फक्त माझ्या डोळ्यांदेखत लुटून घेऊ नकोस.”

त्या आठवड्यात ताईंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी चिकटवून जिन्याखालच्या फलकावर लावली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: तारीख बघा, रक्कम बघा, नावं बघा. दुसऱ्या दिवशी कोणीतरी कागद फाडला. ताईंनी नवा लावला. तोही फाडला. कोणी फाडला ते मला माहीत आहे, पण माझं बोलणं ताई मोजून घेतात, म्हणून इथे लिहीत नाही.

तिसऱ्यांदा कागद घेऊन भाऊ उतरला. स्टूल लावलं आणि फलकाच्याही वर, भिंतीवर, कोणाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर चिकटवायला लागला. ताई खाली कंबरेवर हात ठेवून उभ्या.

“डावीकडे कललाय.”

“सरळ आहे.”

“मोजलंस?”

भाऊ स्टुलावरून खाली उतरला, खिशातून टेप काढला आणि पुन्हा वर चढला.

ती हिरवी खूण त्या पानावर अजून आहे. मी आज सकाळीच पाहिली.