ठोकळेवाल्या बाई

"ऑपरेशन आत्ता नको, असं लिहिते," ठोकळेवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

माझी नात सुमी जन्मापासून बहिरी. पाचवं लागत आलं होतं. कानात मशीन बसवायचं तर आधी हॉस्पिटलात ठोकळे लावायला देऊन मुलाची समज आणि घरच्यांची तयारी बघून या बाई कागद देत. वय वाढलं की मशीनचा उपयोग कमी, हे डॉक्टरांनी बजावलं होतं.

चूक माझी. शाळेची परीक्षा असते तसं समजून मी करमाडला घरी पंधरा दिवस सुमीला पढवलं होतं. मी हनुवटीनं दाखवीन तो ठोकळा उचलायचा.

"आजी, ही ठोकळे बघतच नाही. तुमचं तोंड बघते."

"मग कुणाचं बघंल? आईबाप कंपनीत. दिवसभर माझ्याबिगर तिला हाय कोण?"

बाई हसल्या नाहीत. त्या कधीच हसत नसत. त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "भिंत खुणा करत नाही," म्हणाल्या.

मागे टकटक सुरू झाली. थांबली. एक ठोकळा फरशीवर पडला. परत टकटक. मान अवघडली, पण मी वळले नाही.

"मशीन बसलं की लगेच बोलेल ना?" बाईंनी पाठीमागून विचारलं.

"नाय. लई दिवस लागतील."

"आठवड्यातून दोनदा शिकवायला कोण आणणार?"

"मीच."

"आणि टँकर आला की पाणी कोण भरतं?"

"मीच." दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. खोटं सुचलं नाही.

"मग?"

"गाव सोडीन," मी म्हणाले. घरात कुणाला विचारलं नव्हतं.

टकटक थांबली होती. बाईंचं पेन चाललं. "लावले तिने. एकटीने," म्हणाल्या. ऑपरेशनचा कागद दिला.

घरी पोरगा म्हणाला, "आई, पाणी कोण भरील?" मी म्हणाले, "तू भर." शहरात हर्सूलला खोली घेतली. तेव्हा खिडकीतून तलावाचा कोरडा तळ दिसायचा. आता इमारती दिसतात.

ऑपरेशननंतर बाई न सांगता खोलीवर यायच्या. चहा नको म्हणायच्या, मला भिंतीकडे बसवायच्या आणि सुमीला मागून हाक मारायच्या. सात-आठ महिने ती वळली नाही. मला बाईंचा राग यायचा. एक दिवस बाई एवढंच म्हणाल्या, "आजी, फिरा आता." सुमी त्यांच्याकडे बघत होती.

गेल्या उन्हाळ्यात बाई वारल्या. फोन सुमीनं घेतला. ऐकून तिनंच मला सांगितलं.

बाई गेल्या. सुमी आहे. मी आहे.