मी लिहिलेला शेवट

लहानपणी मला रफ वही कधी विकत घ्यावी लागली नाही. वडील चळवळीतले. वाटून उरलेली पत्रकं घरात गठ्ठ्यांनी पडलेली असायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ठळक ओळ असे: कुठे जमायचं, किती वाजता, काय मागायचं. ती ओळ नसलेला मजकूर वडील छापखान्यात जाऊच देत नसत. म्हणायचे, "मानसानं वाचलं, आन् आता करायचं काय? ते सांगितलं न्हाई तर कागद वाया गेला." शेवटची ओळ न लिहिणारा माणूस भित्रा असतो, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

म्हणून मागच्या डिसेंबरात एका मालिकेच्या शेवटावर मी इतकी चिडले. गोष्ट एका बाईची होती. तिचा नवरा घरातून निघून गेलेला, परत आलेला नाही. दीड वर्ष ही बाई रोज संध्याकाळी सात वाजता त्याची वाट बघत होती आणि अख्खा महाराष्ट्र तिच्याबरोबर बघत होता. शेवटच्या भागासाठी मी मुद्दाम वालूरला मावशीकडे गेले. परभणीच्या एका साप्ताहिकात मी लिहिते, त्यांना या मालिकेवर लेख हवा होता. पण खरं कारण मावशीच होती. तिचा नवरा, आमचे काका, अकरा वर्षांपूर्वी असेच गेले.

काका जळालेल्या पाण्याच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे. एका सकाळी तांब्याची तार आणायला म्हणून पिशवी घेऊन निघाले. देवगाव फाट्यावर त्यांना कुणीतरी जालन्याकडच्या गाडीत बसताना पाहिलं. त्यापुढे काही नाही. भांडण नव्हतं, चिठ्ठी नव्हती. मूलबाळ नाही. मावशीनं समोरच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली आणि राहिली. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, सगळं होतं तसंच ठेवलं. गल्लीनंही ते कधी काढलं नाही. हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं शेजारच्या काकूंकडून मावशीलाच यायचं.

त्या दिवशी गिरणी बंद करून पाच-सहा बायका टीव्हीसमोर बसल्या होत्या. शेवटच्या दृश्यात ती बाई कणीक मळत असते. दारावर थाप पडते. ती हात धुते, कडी काढते, तिच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. आणि नावं धावायला लागतात.

"आँ? कोन आलं मग?" एकीनं विचारलं.

"त्योच की. तोंड बगितलं न्हाई का तिचं?"

"तसं तोंड तर माजं बी होतंय, गॅसवाला आला की," शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

मी तावातावानं म्हटलं, "फसवणूक आहे ही. दीड वर्ष बसवून ठेवायचं आणि उत्तर द्यायची वेळ आली की पळायचं."

मावशी कपबशा गोळा करत होती. म्हणाली, "मला येकच पटलं न्हाई. तिनं दार लावल्यालं कसं काय?"

बायका पुन्हा हसल्या. मीही हसले.

परभणीला येऊन मी एका बैठकीत लेख लिहिला. धूसर शेवट म्हणजे पळपुटेपणा. वाट बघणाऱ्या बायकांना आशेची गोळी देऊन झोपवायचं काम ही मालिका करते. लेखकाला हिंमत असती तर त्यानं तो माणूस मेला म्हणून सांगितलं असतं आणि बाईला मोकळं केलं असतं. एवढ्यावर मी थांबले असते तर ते फार तर एक मत झालं असतं. पण मला दाखला हवा होता. मी लिहिलं, 'माझी सख्खी मावशी अकरा वर्षं एका मेलेल्या माणसाचं कुंकू लावते आहे.' आधी मी 'बेपत्ता' लिहिलं होतं. वाक्यात जोर येईना, म्हणून तो शब्द खोडला. तो मी स्वतःच्या हातानं खोडला, हे मला आजही लख्ख आठवतं. लेखावर माझं नाव आणि फोटो होता. फोनवर चार लोकांनी शाबासकी दिली, त्यात वडीलही होते.

संक्रांतीला मी पुन्हा वालूरला गेले. मावशी दुपारपासून तयार होऊन बसली होती. हिरवं लुगडं, केसात शेवंतीची वेणी, ताटात तिळगूळ. सण म्हणून गिरणी बंद. बाहेरून बायकांचे घोळके जात होते, बांगड्या वाजत होत्या. आमच्या दारापाशी आवाज खाली यायचा आणि दार ओलांडलं की परत वर जायचा. तीन वाजले, चार वाजले. मावशीनं ताटावरचा रुमाल दोनदा नीट केला.

पाचच्या सुमारास शेजारच्या काकू आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच कागदात बांधलेला तिळगूळ पुढं केला.

"वैनी, राग मानू नका. तुमच्याच भाचीनं पेपरात लिवलंय. मोबाईलवर समद्यांकडं आलंय ते. शिकल्याली पोरगी हाय, काईतरी कळलं असंल तवाच लिवलं असंल ना? पोलिसांचा कागद आला का काय, आमाला कसं कळावं? सासूबाई म्हणायल्यात, औंदा ऱ्हाऊ द्या."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडात लहानपणापासून पत्रकं भरलेली. मी उठून म्हणाले, "विधवा असली म्हणून काय झालं? विधवेला कुंकू लावलं तर काय बिघडतं तुमचं?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग मावशीकडं. हळूच म्हणाल्या, "बगा. पोरगी बी तेच म्हणायली."

मावशीनं त्यांच्या हातातला तिळगूळ घेतला, आपल्या ताटातला त्यांना दिला. त्या गेल्या. मग तिनं वेणी काढून ताटात ठेवली.

"मावशी, मी..."

"मी वाचलंय ते. लय दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? फोटू चांगला आलता तुजा."

तिनं कपाटातून तो अंक काढून दाखवला. फोटोपुरता चौकोन कापून घेतलेला होता. म्हणजे तिनं ते वाक्य वाचलं होतं, आणि तरी आज लुगडं नेसून ताट भरून बसली होती. बायकांनी वाचलं नसेल, किंवा वाचूनही येतील, या आशेवर. त्याच आशेला मी झोपेची गोळी म्हटलं होतं.

मी म्हणाले, "मी खुलासा छापते. पुढच्याच अंकात."

"काय लिवनार? जित्ते हायेत म्हनून?"

मी अंकाची घडी घातली.

"ठावं हाय का तुला?"

"नाही."

"मला बी न्हाई. तेवढंच लिव."

साप्ताहिकाचे संपादक हसले. "माहीत नाही, हा काय खुलासा झाला?" शेवटी चौथ्या पानावर, निविदांच्या खाली, तीन ओळी आल्या. त्या कुणी वाचणार नव्हतं. मी त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि रथसप्तमीच्या आधी वालूरच्या त्या गल्लीत घरोघर फिरले. पत्रकं वाटायची मला लाज कधीच वाटली नव्हती. स्टेशनवर, बसस्टँडवर, अनोळखी माणसांच्या हातात ताठ मानेनं दिली होती. त्या दिवशी पहिल्याच दारात, हाक मारायच्या आधी, मी झेरॉक्स दोनदा मोजल्या. मला कुणी काही कळवलेलं नाही, पोलिसांचा कागद नाही, फोन नाही, मी माझ्या मनानं लिहिलं, एवढं प्रत्येक ठिकाणी तोंडानं सांगायचं होतं.

शेजारच्या काकूंच्या सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी कागद उलटसुलट केला. त्यांना वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवला.

"म्हंजी तू लबाड लिवलं."

"हो."

"आन् छापलं बी."

"हो."

"आन् आता ह्येच्यात काय लिवलंय? मेला का हाय?"

"माहीत नाही असं लिहिलंय."

"ते तर आमाला आधीपसून ठावं हुतं की गं!" त्या म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून कमरेला खोचली.

रथसप्तमीपर्यंत दोन घरांतून मावशीला बोलावणं आलं. एका घरी ती गेली, दुसऱ्या घरी गुडघे दुखतात म्हणून निरोप पाठवला. शेजारच्या घरातून आलं नाही. हे तिनं मला आपणहून सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा सांगितलं. विचारताना मला तिच्या तोंडाकडं बघता आलं नाही.

धूसर शेवट मला अजूनही फारसे आवडत नाहीत. पण त्या मालिकेच्या लेखकाला मी भित्रा म्हटलं, ते मागे घेते. त्याला जे माहीत नव्हतं ते त्यानं लिहिलं नाही. मी लिहिलं.

परवा वालूरला गेले तेव्हा गिरणी चालू होती. दारातून दोन हाका मारल्या. ऐकू गेल्या नाहीत. कडी वाजवली, तीही नाही. गिरणीच्या आवाजात बाहेरचं आत काहीच ऐकू येत नाही. हे दार दिवसभर सताड उघडं का असतं, हे इतकी वर्षं येऊन जाऊनही मी कधी विचारलं नव्हतं. मालिकेतल्या त्या लावलेल्या दाराबद्दल ती बोलली तेव्हा मी हसले होते.

मी आत जाऊन समोर उभी राहिले तेव्हा तिनं मान वर केली. भुवया पिठानं पांढऱ्या, मध्ये कुंकू. गिरणीवरून ओरडून म्हणाली, "हातात काय हाय? कागद तर न्हाई ना?"

"ज्वारी आहे," मी ओरडले.

"मग ठेव तितं. आन् दार लावू नको."